सोपवलेली किल्ली

आपण शेजाऱ्याच्या हाती घराची किल्ली देतो तेव्हा त्याच्याकडून पावती मागत नाही. वसईच्या वाड्यांमध्ये ही रीत इतकी जुनी आहे की तिच्यात काही विशेष आहे, असे कोणाला वाटतही नाही. लग्नाला, यात्रेला किंवा इस्पितळात जायचे झाले की पडवीची किल्ली शेजारच्या वहिनींच्या हाती जाते. कोंबड्यांना दाणे आणि केळींना पाणी वेळेवर मिळते. परत आल्यावर किल्ली घेताना आपण आभारही मानत नाही, कारण आभार हे परक्याचे मानायचे असतात.

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडमध्ये एक किल्ली अनोळखी माणसाच्या हाती सोपविण्याचा प्रसंग आमच्यावर आला. त्या किल्लीने मला चाळीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका किल्लीपाशी आणून सोडले. त्या दोन किल्ल्यांची ही हकिकत आहे. दुसरी सांगताना मला संकोच वाटतो, परंतु पहिली सांगून दुसरी लपविणे योग्य होणार नाही.

आमची कन्या स्विंडन या शहरी परिचारिका म्हणून नोकरीस आहे. तेथे गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांची मोठी वस्ती असल्यामुळे परदेशातही आपलेपणा लाभतो. आम्ही उभयता तिच्याकडे काही महिने राहण्यास गेलो होतो. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. नातीच्या शाळेला त्याच महिन्यात आठवडाभराची सुटी होती. फातिमामातेच्या दर्शनाला जावे, ही माझ्या पत्नीची फार दिवसांची इच्छा होती. तेव्हा गॅटविक विमानतळावरून लिस्बनला जायचे आणि तेथून फातिमाला, असे ठरले.

स्विंडनहून गॅटविक सुमारे शंभर मैल दूर आहे. दोन वृद्ध माणसे, नऊ वर्षांची नात आणि सामान घेऊन रेल्वेगाड्या बदलत जाणे अवघड, म्हणून जावयाने आपली मोटार काढली. ती होंडा कंपनीची होती. स्विंडनचा होंडाचा कारखाना २०२१ साली बंद पडला. त्याच कारखान्यातून बाहेर पडलेली ही मोटार असल्याने जावयाचा तिच्यावर फार जीव होता.

विमानतळावर आठवडाभर मोटार ठेवायची तर भाडे बरेच पडते. म्हणून तिकडे अनेक खासगी कंपन्या एक सोय देतात. आपण मोटार घेऊन विमानतळाच्या वाहनतळावर जायचे, तेथे कंपनीचा चालक आपली वाट पाहत असतो, त्याच्या हाती किल्ली द्यायची आणि आपण विमानाकडे वळायचे. तो मोटार कंपनीच्या आवारात नेऊन ठेवतो आणि आपण परतलो की ती पुन्हा दाराशी आणून देतो. जावयाने अशीच एक कंपनी स्वस्त पाहून निवडली होती. तिचा विमानतळाशी काहीही संबंध नव्हता. आवार पाच मैलांवर आहे, तेथे कुंपण आणि रात्रंदिवस पहारा आहे, असे तिने कळविले होते.

रविवारी, २२ ऑक्टोबरला, आम्ही मोटार त्या चालकाच्या स्वाधीन केली. मी जन्मभर शाळामास्तर होतो. हिशेबाची खोड अजून जात नाही. एवढ्या प्रवासाला पेट्रोल किती लागते हे पाहावे म्हणून मी मैलांचा आकडा दैनंदिनीत टिपून ठेवला होता. तो ३१,४०६ होता. त्या वेळी मनात संशय मुळीच नव्हता.

फातिमाविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. १९१७ साली जेथे तीन मेंढपाळ मुलांना मातेचे दर्शन घडले, तेथील लहानशा प्रार्थनामंदिरापुढे आम्ही दर रात्री मेणबत्त्या घेऊन जपमाळेला उभे राहिलो. लिस्बनमध्ये संत अंतोनीच्या जन्मस्थानी बांधलेल्या चर्चमध्येही गेलो. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा हा संत आपल्या घरोघरी पूजनीय आहे. मला त्याच्याकडे काही मागण्यासारखे त्या दिवशी सुचले नाही.

शुक्रवारी, २७ तारखेला, रात्री आम्ही परतलो तेव्हा पाऊस पडत होता. मोटार यायला जवळजवळ तास लागला. चाकांपासून दारांपर्यंत तिच्यावर चिखल वाळला होता. जावई आत बसला तर त्याचे पाय पॅडलपर्यंत पोहोचेनात. आसन पार मागे सरकविलेले होते. नातीची बसायची लहान खुर्ची काढून डिकीत टाकलेली होती. आसनाखाली खाद्यपदार्थांची रिकामी पाकिटे पडली होती. आरशाला जपमाळ टांगलेली असे, ती दिसेना. शोधता शोधता ती समोरच्या खणात सापडली, कागदी रुमालात नीट गुंडाळून ठेवलेली. ज्या कोणी ती काढली, त्याला तिच्यासमोर मोटार हाकणे अवघड वाटले असावे.

मी दैनंदिनी काढून आकडा पाहिला. तो ३१,६१९ होता. दोनशे तेरा मैलांपैकी आवारात नेण्या-आणण्याचे दहा सोडले, तरी दोनशे तीन मैल उरतात. म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतर आमची मोटार आमच्यावाचून फिरून आली होती. मोटार आणून देणारा पोरगेलासा चालक म्हणाला, “साहेब, मी फक्त आणून देतो. मला बाकी काही ठाऊक नाही.” तो खरे बोलत असावा. कंपनीचा दूरध्वनी नुसताच वाजत राहिला.

प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जावयाच्या नावे पोलिसांची नोटीस आली. २४ ऑक्टोबरच्या रात्री नऊ वाजून पन्नास मिनिटांनी लंडनच्या दक्षिणेकडील एका रस्त्यावर आमची मोटार ठरलेल्या मर्यादेहून अधिक वेगाने जात असल्याचे कॅमेऱ्याने टिपले होते. त्या दिवसांत पोर्तुगाल आणि इंग्लंड यांच्या घड्याळांत फरक नव्हता. म्हणजे नेमक्या त्याच वेळी आम्ही फातिमाच्या पटांगणावर मेणबत्त्या धरून उभे होतो. तिकडच्या कायद्याप्रमाणे अशी नोटीस मोटार ज्याच्या नावावर नोंदलेली असेल त्याला येते, आणि त्या वेळी मोटार कोण चालवीत होते हे त्याने अठ्ठावीस दिवसांत कळवावे लागते. न कळविल्यास तोही गुन्हा होतो. प्रामाणिक प्रयत्न करूनही चालकाचे नाव कळू शकले नाही, हे दाखविता आले तरच सुटका. जावयाने विमानाची तिकिटे, कंपनीची पावती आणि माझ्या दैनंदिनीतील पानाची प्रतही जोडली. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर त्याची सुटका झाली. कंपनीने एकाही पत्राला उत्तर दिले नाही.

असे प्रकार तिकडे नवे नाहीत, हे आम्हांस मागाहून कळले. प्रवासी परदेशी असताना त्यांच्या मोटारी चिखलाच्या शेतांत आणि लोकवस्तीच्या रस्त्यांवर उभ्या केलेल्या सापडल्याच्या, त्या खासगी कामांसाठी वापरल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून वरचेवर येतात. पोलिसांच्या सहभागाने वाहनतळांची तपासणी होते व चांगल्या जागांना ‘पार्क मार्क’ हे मानचिन्ह मिळते. ते पाहूनच मोटार ठेवावी, असा सल्ला तेथे दिला जातो. आम्ही तो आधी ऐकला नव्हता.

स्विंडनच्या धर्मग्रामातील एका गोमंतकीय गृहस्थांनी एका हिवाळ्यात पोटासाठी हे काम केले होते. त्यांनी मला आतली रीत समजावून सांगितली. विमानतळाजवळची जागा महाग म्हणून कंपनी दूर कोठेतरी शेत भाड्याने घेते. पाच चालक पाच मोटारी तेथे नेऊन ठेवतात. मग त्या पाचांना विमानतळावर परत आणायचे कसे? त्यासाठी कोणा एका गिऱ्हाइकाचीच मोटार वापरतात. सगळ्या किल्ल्या एका पेटीत असतात. मजुरी थोडी आणि रात्र मोठी. कोणी जेवण आणायला जातो, कोणी घरी जाऊन येतो, कोणी मित्राला पोहोचवून येतो. “चोरी करायचा विचार कोणाच्याच मनात नसतो, मास्तर,” ते म्हणाले. “मालक येण्याआधी गाडी जागेवर परत येणारच असते. मग त्यात बिघडले काय, असे वाटते.”

हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. ते मी यापूर्वी ऐकलेले होते. कोणाच्या तोंडून, ते लवकरच सांगतो.

नोटीस आली त्या संध्याकाळी जावई फार संतापला होता. ही सरळसरळ चोरी आहे, असे तो म्हणत होता. नात जवळच बसून गृहपाठ करीत होती. मान वर करून ती मला म्हणाली, “आजोबा, पण त्यांनी गाडी परत दिली ना? मग चोरी कशी झाली?”

मला उत्तर सुचले नाही. माझ्या पत्नीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

नातीचा प्रश्न पोरकट नव्हता. इंग्लंडच्या कायद्यालाही तो पडलेला आहे. त्यांच्या १९६८ सालच्या चोरीविषयक कायद्यात, वस्तू मालकाला कायमची अंतरावी असा हेतू असल्यावाचून चोरी सिद्ध होत नाही. म्हणून दुसऱ्याचे वाहन परवानगीविना नेण्यासाठी त्याच कायद्यात वेगळे कलम करावे लागले. वकिली करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी वसईस दूरध्वनी केला. त्याने आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याकडे बोट दाखविले. विश्वासाने सोपविलेल्या वस्तूंविषयी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातील १५४ व्या कलमाखाली घोड्याचे एक उदाहरण दिले आहे. एकाने कलकत्त्याहून बनारसला जाण्यासाठी घोडा भाड्याने घेतला आणि तो कटकच्या वाटेला नेला. स्वाराने काळजी घेतली होती, तरी अपघाताने घोडा पडून जखमी झाला. नुकसान भरून देणे त्याच्यावर आहे, असे कायदा सांगतो. किती सांभाळून चालविलास, हे तेथे विचारले जात नाही. ज्या कामासाठी दिला त्या वाटेने गेलास का, एवढेच विचारले जाते.

आपल्या शहरांतूनही आता हॉटेले आणि लग्नाचे हॉल दाराशीच आपल्या मोटारीची किल्ली मागून घेतात. हाती पडणाऱ्या चिठ्ठीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असते. १९९८ साली दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलातून अशी सोपविलेली मोटार चोरीस गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. किल्ली एकदा हाती घेतल्यावर सांभाळण्याचे कर्तव्य येते. आपल्या हलगर्जीपणावर पांघरूण घालण्यासाठी त्या छापील ओळीचा आधार हॉटेलाला घेता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने २०१९ साली दिला.

कायद्याच्याही फार आधी पवित्र शास्त्राने हा विषय हाताळला आहे. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात शेजाऱ्याकडे राखायला दिलेल्या गाढवाची, बैलाची आणि मेंढराची गोष्ट आहे. कोणी पाहत नसताना ते जनावर मेले किंवा जायबंदी झाले, तर त्या दोघांमध्ये साक्षीला कोण? तेथे परमेश्वरासमोर शपथ घेण्यास सांगितले आहे: शेजाऱ्याच्या मालमत्तेला मी हात लावला नाही. मूळ मालकाने ती शपथ मान्य करायची. कोणीही पाहिलेले नसताना दिलेल्या शब्दावर दोन घरांचे नाते तोलून धरलेले आहे.

आता दुसऱ्या किल्लीकडे येतो.

१९८३ सालच्या नोव्हेंबरात आमच्या शेजारचे दादा कुवेतला नोकरीसाठी गेले. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. मी त्यांना थोरल्या भावाच्या जागी मानीत असे. जाण्यापूर्वी काही महिने त्यांनी बजाज चेतक घेतली होती. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. आमच्या आळीत ती पहिलीच होती. निघण्याच्या आदल्या रात्री दादांनी किल्ली माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “आठवड्यातून एकदा किक मारून ठेव. वाडीच्या वाटेवर एक फेरी मार, म्हणजे गंजणार नाही. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.”

दोन महिने मी अक्षरशः तसे केले. मग एका पहाटे माझ्या आईला दम लागला. रिक्षा मिळेना, म्हणून तिला स्कूटरवरून डॉक्टरांकडे नेले. यात गैर काही नव्हते. दादांनी स्वतः हेच केले असते. परंतु एकदा उंबरठा ओलांडला की दुसऱ्यांदा पाय अडत नाही. माझी शाळा नऊ किलोमीटर दूर होती आणि एस.टी.चा भरवसा नव्हता. एके दिवशी उशीर झाला म्हणून स्कूटर काढली. पुढच्या आठवड्यात दोनदा काढली. जूनपासून ती रोजच शाळेत जाऊ लागली.

मालक येण्याआधी गाडी जागेवर परत येणारच आहे, मग त्यात बिघडले काय? हे वाक्य मी स्वतःलाच ऐकवीत होतो. शिवाय मी तिची काळजी घेत होतो. दर शनिवारी ती धूत होतो. पेट्रोल माझ्या पैशाचे होते. त्या वर्षी माझे लग्न झाले. नव्या नवरीला मागे बसवून वसईच्या किल्ल्यात, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आणि निर्मळच्या जत्रेत मी त्याच स्कूटरवरून हिंडलो. ही कोणाची, असे तिने एकदा विचारले. दादांची आहे, त्यांनी मला वापरायला दिली आहे, असे मी सांगितले. संसाराच्या आरंभीच मी तिच्याशी बोललेले हे पहिले असत्य.

आकडा मात्र वाढत होता. तो पाहून छातीत धस्स होई. चेतकच्या पुढच्या चाकापासून वर आकड्यापर्यंत एक तार जाते. ती सोडविली की चाक फिरते आणि आकडा जागेवर राहतो. एका रविवारी मिस्साहून परतल्यावर मी पडवीत बसून ती तार स्वतःच्या हातांनी सोडविली. पाच मिनिटांचे काम होते.

याहून वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. दादांच्या आईला लिहिता येत नसे. तिची कुवेतला जाणारी पत्रे मीच लिहीत असे. माउली ओट्यावर बसून सांगायची आणि मी लिहायचो. पाऊस कसा झाला, पानवेलीला भाव काय मिळाला, फादर कोण आले. शेवटी ती न चुकता म्हणायची, “लिही, तुझी गाडी बरी आहे, मास्तर सांभाळतो.” आणि मी माझ्या वळणदार अक्षरात ते वाक्य लिहायचो. स्कूटर रोज दारावरून जाताना तिला दिसत होती. लेकानेच परवानगी दिली असेल, असे तिने धरून चालले होते.

१९८५ च्या नाताळला दादा आले. त्यांच्या येण्याआधी चार दिवस मी तार पुन्हा जोडली. आकडा आठशेच्याही आत होता. दादांनी तो पाहिला, स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि मला आत बोलावले. बॅगेतून एक सीको घड्याळ काढून त्यांनी माझ्या मनगटावर बांधले. मी ते घेतले. प्रामाणिकपणाचे बक्षीस म्हणून घेतले आणि पुढे कितीतरी वर्षे ते बांधून वर्गात सातवी आज्ञा शिकविली.

दादा फेब्रुवारीत पुन्हा कुवेतला गेले. या खेपेस त्यांनी स्कूटरवर ताडपत्री घातली, पडवीला कुलूप लावले आणि किल्ली सोबत नेली. मी मनाशी म्हटले, मला त्रास नको म्हणून केले असेल. तेव्हापासून आमच्यात भांडण कधीच झाले नाही. दादा बाप्तिस्म्याला आले, माझ्या आईच्या दफनाला खांदा द्यायला आले. परंतु त्यांच्या घरची कोणतीही किल्ली पुन्हा माझ्याकडे आली नाही. मी त्याचे कारण शोधले नाही, कारण ते मला ठाऊक होते.

अशा माणसाने इंग्लंडात मोटारीचा आकडा पाहून संतापायचे, म्हणजे कोणत्या तोंडाने? लंडनच्या दक्षिणेला रात्री आमची मोटार पळविणाऱ्या त्या अज्ञात तरुणाने आकड्याची तार सोडविली नव्हती. त्याच्यात तेवढी तरी लाज शिल्लक होती की त्याने जपमाळ काढून ठेवली. मी तर मिस्साहून येऊन तार सोडविली होती.

आम्ही डिसेंबरात वसईस परतलो. आगमनकाळ होता. पापनिवेदनाला गेलो तेव्हा मी हे सारे प्रथमच फादरांना सांगितले. त्यांनी मला फार बोल लावला नाही. क्षमा परमेश्वर देतो, परंतु दुसऱ्याचे जे नुकसान झाले ते शक्य असेल तर भरून देणेही न्यायाला धरून आहे, असे ते म्हणाले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही सातव्या आज्ञेखाली हेच सांगितले आहे.

नाताळनंतर तिसऱ्या दिवशी मी ते जुने घड्याळ खिशात घालून दादांकडे गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वय ऐंशीच्या पलीकडे, पण नजर अजून तीक्ष्ण. इंग्लंडच्या गोष्टी निघाल्या. मी त्यांना विमानतळावरच्या मोटारीची हकिकत सांगितली आणि ती संपता संपता स्कूटरचीही सांगून टाकली. घड्याळ काढून त्यांच्यासमोर ठेवले.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मागचे टायर गुळगुळीत झाले होते. आठशे किलोमीटरांत टायर झिजत नाही. मी फेरी मारली तेव्हाच पाहिले.”

“मग घड्याळ का दिलेत?”

“ते तुझ्यासाठीच आणले होते. माझ्या आईची पत्रे लिहिलीस, तिला औषधपाणी केलेस, त्याचे ते होते. ते मी परत बॅगेत कसे टाकणार?” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “गाडी वापरलीस, त्याचे मला वाईट वाटले नाही. पत्रात एक ओळ लिहून मागितली असतीस, तर मी नाही म्हटले असते का? पण तू तार काढलीस. ती कशाला काढलीस?”

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही.

मग ते आपणहून कुवेतविषयी बोलले. २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. दादांकडे तेव्हा स्वतःची मोटार होती. ती तेथेच सोडून, मिळेल त्या वाहनाने, वाळवंट तुडवीत ते अम्मानला पोहोचले आणि तेथून आपल्या सरकारने पाठविलेल्या विमानाने मुंबईस आले. “ती मोटार कोणी नेली, कोठवर चालवली, मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “तिच्यासाठी मी एक दिवसही झुरलो नाही. ज्याने नेली तो परका होता. तुझे टायर मात्र माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेले नाही.”

मी क्षमा मागितली. त्यांनी मान हलविली. घड्याळ माझ्याकडे सरकवीत ते म्हणाले, “हे ठेव. टायरचे पैसे मात्र दे. मला नकोत, विन्सेंट द पॉलच्या पेटीत टाक.” आणि ते हसले. त्या हसण्यात माझी सुटका होती, तरी माझे ओझे हलके करून पाठविण्याची घाई त्यांना नव्हती, हेही मला जाणवले. दुसऱ्या दिवशी चेतकच्या मापाच्या टायरचा आजचा भाव विचारून तेवढे पैसे मी पेटीत टाकले.

हे सारे लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. लिहिले ते एवढ्यासाठी की सोपविलेल्या वस्तू आपल्या धर्मग्रामात थोड्या नाहीत. भाऊ आखातात किंवा कॅनडात असतो आणि त्याच्या जमिनीचे कुलमुखत्यारपत्र धाकट्याच्या हाती असते. म्हाताऱ्या आईचे बँकेचे कार्ड सुनेच्या किंवा मुलाच्या पाकिटात असते. मंडळाची वर्गणी खजिनदाराच्या कपाटात आणि पतपेढीच्या ठेवी संचालकांच्या सहीत असतात. यांपैकी चोरी करायची म्हणून कोणी ती वस्तू हाती घेत नाही. मालक येण्याआधी सारे जागेवर येणारच असते. पुष्कळदा तसे येतेही. परंतु वापरण्याची परवानगी न विचारता आपण ती वापरली की आकडा वाढतो, आणि वाढलेला आकडा दिसू नये म्हणून तार सोडविण्याची वेळ येते. झिजायचे ते मग कोठेतरी झिजतेच. वस्तू परत जाते. तिच्याबरोबर आलेला विश्वास परत देता येत नाही, कारण तो आपल्याकडे उरलेलाच नसतो.

विमानतळावर मोटार सोपविताना आकडा टिपून घ्यावा, छायाचित्र काढावे, कंपनीची नीट चौकशी करावी, हे शहाणपण आम्ही त्या दोनशे तीन मैलांतून शिकलो. ते शिकण्यासारखे आहे. परंतु त्या आकड्याचा उपयोग दुसऱ्याला पकडण्यापुरताच करू नये.

गेल्या नाताळात नातीशी दूरध्वनीवर बोलताना तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. सगळी हकिकत सांगितली, तारेसकट. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग आता ते दादा तुम्हांला किल्ली देतील का?”

मी म्हटले, “ते त्यांनी ठरवायचे, बाळ. किल्ली त्यांची आहे.”